दाताची चिठ्ठी आणि पाठराखीण

दसरा उलटला की आमच्याकडे घर काढायला घेतात. गेल्या वर्षी सुनेने माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली उतरवली आणि म्हणाली, "मामा, यातलं काय ठेवायचं, काय टाकायचं ते एकदा बघून घ्या." ट्रंकेत निवृत्तीच्या वेळी मिळालेली शाल होती, गॅदरिंगच्या नाटकाची वही होती, वाळवीने कडा खाल्लेली दोन हजेरीपत्रके होती, आणि अगदी तळाशी सुतळीने बांधलेला पिवळ्या कागदांचा एक गठ्ठा होता. सुतळी सोडली आणि मी तिथेच जिन्याच्या पायरीवर बसलो. त्या दाताच्या चिठ्ठ्या होत्या.

साल १९७४. खानापूर तालुक्यात जंगलाच्या कडेला असलेल्या एका खेड्यात मी मराठी शाळेवर मास्तर होतो. दोन शिक्षकांची शाळा, चार इयत्ता, एक व्हरांडा. पावसाळ्यात ओढ्याला पाणी आले की बस दोन-दोन दिवस फिरकत नसे. जूनच्या अखेरीस एके दिवशी जीपमधून एक डॉक्टर आणि त्यांच्याबरोबर एक कंपाउंडर असे आले. मुलांना रांगेत उभे केले. नखे पाहिली, डोळ्यांच्या पापण्या ओढून पाहिल्या, मग बॅटरीचा झोत तोंडात टाकून "आ कर, आणखी मोठा कर" असे चालले. ज्याच्या तोंडात कीड दिसली त्याच्या नावे एक छापील इंग्रजी चिठ्ठी. वर नाव, खाली रिकाम्या जागेत दोनच शब्द, 'डेंटल' आणि 'रेफर'. जाताना डॉक्टर म्हणाले, "मास्तर, या पोरांना बेळगावला दाताच्या डॉक्टरकडे पाठवून द्या." जीप गेली. मी चिठ्ठ्या वाटल्या. बहुतेक घरांतून त्या आठवड्याच्या आत शाळेत परत आल्या. सरकारी कागद आहे, भिजला-बिजला तर मास्तर रागे भरतील, एवढीच त्या घरांना काळजी. तोच हा गठ्ठा.

त्यात एक चिठ्ठी तिसरीतल्या एका मुलीची आहे. तिचे नाव इथे लिहीत नाही, ती आजही पंचक्रोशीत नांदते आहे. नऊ वर्षांची होती. तिची आई चिठ्ठी घेऊन स्वतः शाळेत आली.

"गुर्जी, ह्यो कागद कशाचा?"

"दाताचा. बेळगावला जाऊन दाखवा म्हणतात."

"कंचा दात?"

मुलीने तोंड उघडले. खाली उजवीकडे, अगदी मागे, दाढेत काळा खड्डा दिसत होता.

"दुधाचाच न्हवं त्यो? पडणारच की."

मी म्हणालो, "हो, दुधाचाच असेल. दुखायला लागला तर बघू."

हे शेवटचे वाक्य माझे आहे, त्या माऊलीचे नव्हे. त्याचे पुढे काय झाले ते सांगणारच आहे. पण गठ्ठा हातात आल्यापासून एक प्रश्न मला स्वस्थ बसू देईना. शाळेत मुलाचे दात पाहायचे, चिठ्ठी लिहायची आणि त्याला दुसरीकडे पाठवायचे, ही रीत मुळात आली कोठून? आणि चिठ्ठी लिहिणारे कधी मागे वळून पाहत होते की नाही? माझा एक जुना विद्यार्थी दंतवैद्य झाला आहे. त्याने पुस्तके पुरवली, आणि निवृत्ताला वेळेची ददात नसते. त्या वाचनातून जे हाती लागले ते इथे मांडतो आहे.

०००

दातदुखी माणसाइतकीच जुनी. दाताला 'कीड' लागते म्हणजे आत खरोखरीचा किडा असतो, अशी समजूत जगभर होती. आपल्याकडे रिंगणीच्या बिया निखाऱ्यावर टाकून नळीने त्यांचा धूर दाढेला द्यायचे, म्हणजे किडा पडतो असे मानत. दुखणे फारच वाढले तर लवंगेचे तेल, नाहीतर चिमूटभर मिश्री. मुलांच्या दातांची तर चिंताच नव्हती. दुधाचा दात पडला की शेणाच्या गोळीत घालून कौलांवर भिरकावायचा, म्हणजे नवा दात चांगला येतो. जे आपोआप पडणार आणि आपोआप उगवणार, त्यासाठी वैद्य कशाला?

१८९० साली बर्लिनमध्ये काम करणाऱ्या विलोबी मिलर या अमेरिकन संशोधकाने तोंडातल्या जंतूंवर एक मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. दाताला चिकटलेल्या साखर-पिठाचे जंतू आम्ल करतात आणि ते आम्ल दात पोखरते, हे त्याने दाखवून दिले. किडा गेला, पण साखर आली होती. ब्रिटनमध्ये साखरेवरची जकात १८७४ साली उठली. साखर स्वस्त झाली आणि गरिबाच्या घरातही चहा, जॅम आणि गोळ्या शिरल्या. मुलांच्या तोंडांची दशा पालटायला एक पिढीही लागली नाही.

त्याच सुमारास दुसरी एक गोष्ट घडली. स्कॉटलंडात १८७२ च्या आणि इंग्लंडात १८८० च्या कायद्याने शाळा सक्तीची झाली. गावोगावची मुले रोज एका छपराखाली जमू लागली, तेव्हा कुठे त्यांची तोंडे एका रांगेत कोणाला पाहता आली. १८८५ साली डंडी गावचा दंतवैद्य विल्यम मॅकफर्सन फिशर याने ब्रिटिश दंतवैद्यांच्या परिषदेत एक निबंध वाचला. शाळकरी मुलांच्या दातांची काळजी घेणे सक्तीचे करा, अशी त्याची मागणी होती. पुढे १८९८ साली शाळेच्या दंतवैद्यांची एक संस्थाही तिथे निघाली.

सरकारला जाग आली ती मात्र दुसऱ्याच कारणाने. १८९९ ते १९०२ या काळात दक्षिण आफ्रिकेत बोअर लोकांशी लढाई चालू होती. भरतीला आलेले कितीतरी तरुण केवळ दात खराब म्हणून परत पाठवावे लागले, आणि जे गेले त्यांतल्या पुष्कळांना फौजेची टणक बिस्किटे चावता येईनात. साम्राज्याचा शिपाई दाढेपायी निकामी होतो म्हटल्यावर १९०४ साली शारीरिक ऱ्हासाची चौकशी करणाऱ्या समितीचा अहवाल आला, आणि १९०७ च्या कायद्याने शाळांतून वैद्यकीय तपासणी सक्तीची झाली.

या कायद्यापाशी मी बराच वेळ थांबलो. तपासणी सक्तीची झाली, उपचार मात्र स्थानिक मंडळाच्या मर्जीवर राहिले. मुलांना प्राथमिक शाळांत उपचार मिळवून देणे हे कर्तव्य ठरायला १९१८ चा शिक्षण कायदा यावा लागला. म्हणजे मधल्या दहा-अकरा वर्षांत कित्येक ठिकाणी डॉक्टर मुलांची तोंडे पाहत होते, नोंदी करत होते, आईबापांच्या नावे कागद धाडत होते, आणि त्या कागदाच्या दुसऱ्या टोकाला खुर्ची असेलच याची कोणालाही खात्री नव्हती. माझ्या ट्रंकेतल्या चिठ्ठीचे मूळ मला इथे सापडले.

आपल्याकडे लग्नानंतर मुलीची पाठवणी करतात. पण तिला एकटी कधी धाडत नाहीत, बरोबर एक पाठराखीण देतात. नव्या घरात मुलगी बावरली तर तिच्याजवळ ओळखीचे कोणी असावे, आणि परत येऊन तिने माहेरी खबर द्यावी, हा त्यातला हेतू. मुलांच्या दातांचा हा सारा इतिहास वाचताना मला वाटत राहिले, की चिठ्ठी देऊन पाठवणी सगळ्यांनीच केली. पाठराखीण मात्र फार थोड्यांना सुचली.

ज्यांना ती सुचली त्यांनी खुर्चीच शाळेजवळ नेली. १९०२ साली स्ट्रासबुर्ग शहरात (ते त्या वेळी जर्मनीत होते) एर्न्स्ट येसेन या दंतवैद्याने नगरपालिकेच्या खर्चाने शाळकरी मुलांसाठी दाताचा दवाखाना उघडला. १९०७ साली केंब्रिजमध्ये जॉर्ज कनिंगहॅमने तसाच दवाखाना काढला. पैसा दिला सेडली टेलर नावाच्या गृहस्थांनी, आणि हे गृहस्थ वैद्य नव्हते, ध्वनिशास्त्र आणि संगीत यांचे अभ्यासक होते. दोनच वर्षांत, १९०९ साली, केंब्रिजच्या नगरपालिकेने तो दवाखाना आपल्याकडे घेतला. एकाच्या खिशातून निघालेले काम गावाचे झाले.

०००

१९०९ हे साल वाचून मी चपापलो, कारण त्याच साली आपल्या देशातही एक गोष्ट घडली, आणि तीही मराठी माणसाच्या राज्यात. हिंदुस्थानात शाळकरी मुलांची पहिली वैद्यकीय तपासणी १९०९ साली बडोदा शहरात झाली. सयाजीराव गायकवाडांनी १८९३ साली अमरेली भागात सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू करून पाहिले होते आणि १९०६ साली ते साऱ्या राज्याला लागू केले होते. स्कॉटलंडात आणि इंग्लंडात जो क्रम, तोच बडोद्यातही. आधी मुले शाळेत आली, मग त्यांच्या प्रकृतीकडे कोणाचे तरी लक्ष गेले. बडोद्याच्या मराठी वाचकांनी हे साल लक्षात ठेवण्याजोगे आहे.

पण तपासणीनंतर दाताच्या दुखण्याचे मूल पाठवायचे कोठे? १९०९ साली साऱ्या देशात दंतवैद्यक शिकवणारे एकही महाविद्यालय नव्हते. ते काढले डॉ. रफिउद्दीन अहमद यांनी, १९२० साली कलकत्त्यात. पूर्व बंगालमधला हा तरुण अमेरिकेत आयोवा विद्यापीठातून १९१५ साली दंतवैद्य झाला आणि नंतर १९१८ पर्यंत बोस्टनच्या फोरसाइथ डेंटल इन्फर्मरीत काम करीत होता. ही संस्था खास मुलांसाठी होती. मुलांच्या दातांसाठी केवढी इमारत उभी राहू शकते, हे त्यांनी रोज डोळ्यांनी पाहिले असणार. परत येऊन कॉलेज काढायला पैसा नव्हता, म्हणून त्यांनी कलकत्त्यात 'न्यूयॉर्क सोडा फाउंटन' नावाचे दुकान थाटले आणि त्याच्या कमाईतून कॉलेज चालवले. गोड सरबतांच्या पैशांतून या देशातले पहिले दंत महाविद्यालय उभे राहिले, हे वाचून मला हसू आले आणि त्या माणसाबद्दलचा आदर दुप्पट झाला. १९६४ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. मुंबईत नायर इस्पितळाचे दंत महाविद्यालय १९३३ साली निघाले.

इकडे आपण पहिली खुर्ची मांडत होतो, तेव्हा तिकडे न्यूझीलंडमध्ये वेगळाच प्रयोग चालू झाला होता. पहिल्या महायुद्धात त्या देशाच्या फौजेचे दंतवैद्यक पथक सांभाळणाऱ्या थॉमस हंटर यांनी रंगरुटांची तोंडे पाहिली होती. बेसुमार दात गेलेले. मोठेपणी दात काढत बसण्यापेक्षा लहानपणीच खड्डे बुजवावेत, हे त्यांना पटले. पण देशात दंतवैद्य थोडे, आणि खेडोपाडी जायला राजी असलेले त्याहून थोडे. तेव्हा त्यांनी १९२१ साली वेलिंग्टनमध्ये तरुण मुलींना दोन वर्षांचे शिक्षण देऊन 'शाळेच्या दंतपरिचारिका' तयार करायला घेतले. पहिली तुकडी १९२३ साली बाहेर पडली. या परिचारिका दात साफ करीत, खड्डे भरीत, दुधाचे दात काढीत. सुरुवातीची त्यांची ड्रिलची यंत्रे पायाने चालवायची असत, आपल्या शिलाई मशीनसारखी. पुढे गावोगावच्या शाळांच्या आवारातच एक छोटी खोली त्यांच्यासाठी उभी राहिली.

मुलांना ही खोली आवडत होती असे मात्र कोणी समजू नये. तिकडच्या मुलांनी तिला नाव ठेवले होते 'मर्डर हाउस', म्हणजे खुनाचे घर! आज पन्नाशी-साठी ओलांडलेले न्यूझीलंडर ते नाव अजून काढतात. पण नाव ठेवायलासुद्धा मूल तिथवर पोहोचावे लागते. ती परिचारिका वर्गातून मुलाला हाक मारून नेई. काम आवाक्याबाहेरचे असेल तेव्हाच दंतवैद्याकडे पाठवी. चिठ्ठी तिथेही होती, पण ती शेवटचा उपाय होती, आणि ती लिहिणारी बाई दुसऱ्या दिवशीही त्याच आवारात असे. मुलगा गेला की नाही हे विचारणारे कोणीतरी तिथे होते. मलाया आणि श्रीलंका या देशांनी ही पद्धत उचलली. खुद्द ब्रिटननेही १९६० साली लंडनच्या न्यू क्रॉसमध्ये अशा सहायिकांची शाळा काढली.

आपण ती उचलली नाही. नाशिकला जन्मलेले सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने १९४६ साली अहवाल दिला. हिंदुस्थानात शालेय आरोग्यसेवा जवळजवळ नाहीच, आणि जिथे आहे तिथे ती अर्धवट आहे, असे त्यात स्पष्ट म्हटले होते. बडोद्याच्या तपासणीला तेव्हा सदतीस वर्षे झाली होती. १९४८ च्या दंतवैद्यक कायद्याने तीन वर्गांची नोंद ठेवली, ती म्हणजे दंतवैद्य, हायजिनिस्ट आणि मेकॅनिक. शाळेतली दंतपरिचारिका त्या यादीत आली नाही. १९६० साली रेणुका रे यांच्या अध्यक्षतेखाली शालेय आरोग्यासाठी निराळी समिती नेमली गेली आणि पुढच्या वर्षी तिचाही अहवाल आला. अहवाल येत राहिले. आमच्या खेड्यात जीप येऊन गेली ती त्यानंतर तेरा वर्षांनी, आणि तिच्यात चिठ्ठ्या होत्या, खुर्ची नव्हती.

०००

आता कोणी म्हणेल, हा सगळा गरिबीचा प्रश्न आहे, पैसा असला की सुटतो. तसे असते तर ब्रिटनमध्ये तो केव्हाच सुटला असता. तिथे १९४८ साली राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाली. दंतवैद्यांना बाहेरच्या कामाचे पैसे जास्त मिळू लागले, तसे शाळेच्या सेवेतले दंतवैद्य ती नोकरी सोडून जाऊ लागले आणि मुलांच्या खुर्च्या ओस पडल्या. सर्वांसाठी केलेल्या चांगल्या योजनेने मुलांसाठी असलेली जुनी सोय खिळखिळी केली, असाही इतिहास असतो.

दुसरी गोष्ट भुलीची. घाबरलेल्या लहान मुलाचे तीन-चार दात एकदम काढायचे तर त्याला झोपवावे लागते. तिकडे दंतवैद्याच्या साध्या दवाखान्यातच 'गॅस' देऊन दात काढण्याची वहिवाट अनेक दशके चालली. कधीकधी त्या खुर्चीतून मूल उठलेच नाही, असे दुर्दैवी प्रसंग घडले. १९९० साली एका समितीने सावधगिरीचे नियम सुचवले, १९९८ साली दंतवैद्यक परिषदेने ते कडक केले, आणि २००१ चे वर्ष संपल्यावर पूर्ण भूल फक्त इस्पितळातच द्यायची असे ठरले. निर्णय अगदी योग्य होता. एका दातासाठी मुलाचा जीव धोक्यात घालणे कोणालाच परवडायचे नाही.

पण चिठ्ठीचा रस्ता त्यामुळे लांबला. गल्लीतल्या दंतवैद्याने तपासायचे, इस्पितळाला लिहायचे, इस्पितळाने तारीख द्यायची, आणि तोवर मुलाने वाट पाहायची. आज इंग्लंडात पाच ते नऊ वर्षांच्या मुलांना इस्पितळात दाखल करण्याचे सर्वांत मोठे कारण किडलेले दात काढणे हे आहे. हे मी दोनदा वाचले, मग विद्यार्थ्याला फोन करून खात्री करून घेतली. "खरं आहे गुर्जी," तो म्हणाला, "आणि त्यांतले बहुतेक दात वेळेवर भरले असते तर काढावेच लागले नसते." कीड लागल्यापासून ती आतल्या नसेपर्यंत पोहोचेपर्यंत महिने जातात, पुष्कळदा वर्ष-दोन वर्षेही. तेवढ्यात मूल खुर्चीपर्यंत पोहोचले तर काम पंधरा मिनिटांचे. नाही पोहोचले तर पुढचे सगळे इस्पितळाचे.

०००

आता माझी गोष्ट पुरी करतो.

त्या वर्षी श्रावणात ती मुलगी दोन दिवस शाळेत आली नाही. तिसऱ्या दिवशी तिचा भाऊ सांगत आला, की तिचा गाल सुजला आहे आणि अंगात ताप आहे. मी घरी गेलो. उजवा गाल कानापर्यंत टरारला होता, तोंड उघडत नव्हते. ओढ्याला पाणी होते, बस नव्हती. बैलगाडीने मोठ्या रस्त्यापर्यंत आणि तिथून एका ट्रकमध्ये बसून आम्ही शहरात पोहोचलो. ज्या दवाखान्यासाठी चिठ्ठी होती तिथे सांगितले, दाताचे डॉक्टर रजेवर आहेत, सोमवारी या. त्या दिवशी गुरुवार होता. मग विचारत विचारत एका खाजगी दंतवैद्याकडे गेलो. भला माणूस होता. त्यांनी आधी पू काढला, औषधे दिली, दोन दिवस नातेवाइकांकडे थांबायला लावले आणि मग दाढ काढली.

दाढ काढल्यावर मला आत बोलावून म्हणाले, "मास्तर, तुम्हांला कोणी सांगितलं ही दुधाची म्हणून? ही सहाव्या वर्षाची दाढ. कायमची."

ते मला तेव्हा ठाऊक नव्हते, आणि आजही पुष्कळांना ठाऊक नसते, म्हणून मुद्दाम लिहितो. सहाव्या वर्षाच्या आसपास दुधाच्या दाढांच्या मागे दोन्ही बाजूंना, वर आणि खाली, मिळून चार नव्या दाढा येतात. त्यांच्यासाठी आधीचा कोणताही दात पडत नाही, त्या मुकाट्याने मागच्या मोकळ्या जागेत उगवतात. त्यामुळे आईबापांना त्या दुधाच्याच वाटतात. त्यांच्यावरच्या खाचांत गोड अडकते आणि कीड तिथेच आधी धरते. ही दाढ गेली की तिच्या जागी दुसरी उगवत नाही.

मुलगी रडली नाही. कापसाचा बोळा दाताखाली धरून तिने खुणेने ती दाढ मागितली. डॉक्टरांनी कागदाच्या पुडीत बांधून दिली. गावी परतल्यावर तिने ती शेणाच्या गोळीत घातली आणि सगळ्यांच्या देखत घराच्या कौलांवर भिरकावली, नवी यावी म्हणून. मी अंगणात उभा होतो. ती येणार नाही हे तिथे फक्त मला ठाऊक होते, आणि ते सांगायला माझी जीभ रेटली नाही.

पुढच्या वर्षापासून मी शाळेच्या एका वहीत दोन रकाने आखले. पहिल्यात 'चिठ्ठी दिली', दुसऱ्यात 'जाऊन आले'. पहिला रकाना भरायला एक सकाळ पुरते. दुसरा भरायला वर्ष जाते. शनिवारी सकाळची शाळा सुटली की चार-पाच मुले आणि कोणाची तरी आई असे आम्ही बसने बेळगावला जायचो. त्याच डॉक्टरांनी आमच्यासाठी शनिवारचे दोन तास राखून ठेवले होते, आणि पैशांसाठी कधी अडवले नाही. कोणाच्या घरी म्हैस विण्याला आली म्हणून, कोणाचे भात लावायचे म्हणून, कोणी भीतीने पळाला म्हणून काही घरे रिकामी राहिलीच. सगळा रकाना एकाही वर्षी भरला नाही. पण गठ्ठा पुन्हा कधी जमला नाही.

तेव्हापासून पुष्कळ पाणी वाहून गेले. गोव्यात १९८० साली सरकारी दंत महाविद्यालय निघाले, बेळगावात १९८५ साली के.एल.ई. संस्थेचे निघाले. सीमेच्या दोन्ही अंगांना आता तालुक्याच्या गावीही दाताचे दवाखाने आहेत. ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघरला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. फिरती पथके अंगणवाड्यांत आणि शाळांत जाऊन जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांना तपासतात. पाहायच्या दुखण्यांच्या यादीत दातांची दुखणीही आहेत, आणि पुढच्या उपचारांसाठी जिल्ह्याच्या ठिकाणी केंद्र आहे. जी गोष्ट भोर समितीला दिसली नव्हती ती आता कागदावर आहे आणि बऱ्याच ठिकाणी जमिनीवरही आहे. खुर्ची आली. खेडे आणि खुर्ची यांच्यातले अंतर, आईचा बुडणारा रोज आणि 'दुधाचाच आहे, पडेल' हे वाक्य, ही तीन मात्र अजून जागच्या जागी आहेत. ती तीन ओलांडायला सोबत लागते. मास्तर असो, आशाताई असो, नाहीतर शेजारीण.

गेल्या पावसाळ्यात ती मुलगी माझ्याकडे आली होती. मुलगी म्हणतो खरा, पण तिला नातू आहे, सात वर्षांचा. त्याच्या शाळेत पथक येऊन गेले होते आणि त्याला चिठ्ठी मिळाली होती. ती त्याला घेऊन बेळगावला निघाली होती, वाटेत माझ्या दारात थांबली.

"गुर्जी, ह्यात काय लिवलंय ते जरा वाचून सांगा बघू."

मी चष्मा लावून सगळी चिठ्ठी वाचली, शेवटच्या ओळीपर्यंत. मग पोराचे तोंड उघडून पाहिले. खाली डावीकडे, अगदी मागे.

"सहाव्या वर्षाची दाढ आहे," मी म्हणालो. "कायमची आहे. आजच भरून घ्या."

"आजच चाललोय की," ती म्हणाली. मग पदर तोंडाला लावून हसली. "आमच्यावानी कौलावर टाकायची पाळी नको."

संध्याकाळी परतताना ती पुन्हा दारात थांबली. पोराची दाढ भरून झाली होती. बहिरा झालेला गाल तो पुन्हा पुन्हा बोटाने दाबून पाहत होता.

सुनेला सांगितले आहे, ट्रंकेतली शाल कोणाला द्यायची असेल तर दे, हजेरीपत्रके रद्दीत घाल. तो गठ्ठा आणि दोन रकान्यांची ती वही मात्र राहू दे.